नदीपलीकडचं मडकं

दक्षिण तीर
दहावा महिना, पौर्णिमा

ती. ख्वातदादास,
लुआचा सा. न. वि. वि.

माझ्या बाळंतपणाला म्हणून आई इकडे आली, उत्तरेच्या त्रिन्ह आणि दक्षिणेच्या न्गुयेन घराण्यांनी मधली नदी अडवली आणि ती इथेच वारली. आता तीन वर्षं झाली. तिच्या अस्थी वर काढून, सुगंधी पाण्यानं धुऊन मडक्यात ठेवायला हव्यात. थोरल्या मुलाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं इथले म्हातारे म्हणतात.

दोन्ही घराणी एकमेकांची सोयरी, तरी भांडतात. रेडे झुंजतात नि माश्या मरतात, असं आईच म्हणायची. मिठाच्या होडीतून लपून येता येतं का बघ. तुला होडी लागते, ठाऊक आहे. ओकत ये, पण ये.

सौ. वहिनींना नमस्कार, मीतला पापा. लोभ आहेच, तो घेऊन ये.
लुआ

उत्तर तीर
पहिला महिना, वद्य चतुर्थी

चि. सौ. लुआस अ. उ. आ.

मिठाच्या होड्यांवर आता पहारा आहे. म्हणून मी आपणहून त्रिन्हांच्या सैन्यात नाव घातलं. नदी ओलांडायला दुसरी वाटच उरली नाही. तुझी वहिनी आधी रागावली. मग मागावर बसली आणि आईच्या अस्थी पुसायला पांढरं कापड विणून दिलं, काठाला तिची नेहमीची निळी वेल.

मला लढायचं नाहीये. पार झालो की भाला टाकून तुझ्या दारी येईन. भात जास्त टाक. मासळी अजून तेवढीच खारट करतेस का? आईला सांग, येतोय.

तुझा दादा

दक्षिण तीर
दुसरा महिना, शुद्ध दशमी

दादा, सा. न.

येऊ नकोस. आमचे हे न्गुयेनांच्या तटावर आहेत. तिथे कुणी कशाला आलं, ते कुणी विचारत नाही. आई थांबेल. जन्मभर आपल्यासाठी थांबलीच ना ती.

लुआ

दक्षिण तीर
तिसरा महिना, अमावास्या

ती. वहिनींना,
लुआचा सा. न. वर 'सौ.' लिहिलं होतं, ते खोडलंय.

माझं पत्र पोचायच्या आत सैन्य निघालं होतं. लढाईनंतर हे घरी आले. शत्रूच्या गाठोड्यात चांगलं कापड मिळालं, बाळाला अंगडं शिव, म्हणाले. उलगडलं तर काठाला तुमची निळी वेल.

आम्ही दोघं धावत गेलो. दादा तटाच्या पायथ्याशी पडला होता. भाला जवळ कुठेच नव्हता. मीच त्याला ये म्हटलं होतं, वहिनी. हे तेव्हापासून जेवत नाहीत.

आईच्या अस्थी मीच धुतल्या, तुमच्या कापडानं पुसल्या. म्हाताऱ्यांनी मला अडवलं नाही. दादाला तिच्याशेजारी पुरलंय.

तीन वर्षांनी त्याच्याही अस्थी वर काढायच्या. थोरला मुलगा लागेल, आणि मीत तोवर भाला पेलण्याएवढा होईल. त्याला पाठवू नका. सांगा, तिथे आत्या आहे, ती धुईल. कापड तेवढं तुम्ही विणा.

माझ्यावरचा राग कधी निवला, तर थोडी माया असू द्या.
लुआ