नाव खोडायचं अवजार

चिरंजीव खटपट्यास,

दादाचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असणार असं धरून चालतो. वाईट असती तर तू फोनवर तुझ्या वहिनीला सांगितलं असतंस, आणि तिने जेवताना भिंतीकडे बघत मला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हटलं असतं. (गेली चार वर्षं तुझी खुशाली मला भिंतीमार्फतच कळते.) खोकला गेला का? खोलीत पुरेसा उजेड येतो का? घड्याळांचं बारीक काम सोडलंस म्हणून डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नकोस. माझं बरं चाललंय. उजव्या हाताचा अंगठा सकाळी जरा आखडतो, पण दुकान उघडून तासभर झाला की तोही कामाला लागतो.

हे पत्र केवळ तांत्रिक स्वरूपाचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज चार पानं लिहायला बसलो, याचा भलता अर्थ काढू नकोस.

विषय आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा आहे. तो तू बसवलास, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या नोंदी त्यात ठेवायला तूच मला शिकवलंस, हे मी कधी नाकारलेलं नाही. पण रोज सकाळी चालू केला की पडद्यावर आधी 'खटपट्या' असं येतं आणि तो तुझं स्वागत करतो. समोर बसलेला असतो मी. प्रत्येक पावतीच्या तळाशीही 'नोंद करणार: खटपट्या'. याच पावतीवरून चार वर्षांपूर्वी त्या दिवशी मी गिऱ्हाइकासमोर तुला बोललो होतो, की दुकान बाबांचं आणि नाव मात्र स्वतःचं लावतोस. चिमटा पुसलास, खणात ठेवलास आणि पायऱ्या उतरून गेलास. (चिमटा अजून त्याच खणात आहे. मी तो खण उघडत नाही, त्यामुळे असणारच.)

एवढी वर्षं मी ते नाव सहन केलं. पण गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका भिंतीवरचं घड्याळ न्यायला आल्या. पावती नीट वाचून, चष्मा सावरून त्यांनी मला 'श्री. खटपट्ये' अशी हाक मारली. मी त्यांची चूक दुरुस्त करायला गेलो, तर त्या म्हणाल्या, आडनावाची लाज कसली बाळगता. दुसऱ्या दिवसापासून शेजारचा चष्मेवालाही मला खटपट्ये म्हणू लागला. मग मात्र मी ठरवलं की हे नाव मुळापासून काढायचं.

चष्मेवाल्याच्या मते असली नावं रजिस्ट्रीत असतात. तुला हे माहीत आहे, पण मला कळलं ते माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे कुठे चुकलो ते तुला दिसेल. रजिस्ट्री म्हणजे यंत्राने स्वतःविषयी ठेवलेली वही. प्रिंटर कोणता, कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, कोण वापरतो, मालक कोण, सगळं त्यात. एक ओळ चुकली तर यंत्र स्वतःलाच ओळखेनासं होतं. तेव्हा त्यात हात घालायला अवजार चांगलं हवं. आता अवजार पारखण्यात आपल्या घराण्यात कोणी कच्चं नाही. बाबा नवा स्क्रू-ड्रायव्हर घेताना दुकानदाराला कसे घाम फोडायचे ते आठव.

पहिलं अवजार यंत्रात आधीपासूनच असतं. ते उघडलं आणि त्याची शिस्त बघून मला धडकी भरली. तुम्ही खोडा म्हणालात की ते हूं की चूं न करता खोडतं, आणि खोडलेलं परत मागितलं तर ओळख दाखवत नाही. दुसरं चष्मेवाल्याने सुचवलं. हिरवंगार, चकचकीत, उघडताक्षणी म्हणालं की तुमच्या यंत्रात बाराशे दोष आहेत, एका बटणात साफ करतो. बाराशे दोष असलेलं घड्याळ मी आजवर पाहिलेलं नाही, आणि पाहिलंच तर ते एका बटणाने साफ करणाऱ्याच्या हातात देणार नाही. (चष्मेवाल्याने ते बटण दाबलं होतं. त्याचं यंत्र आता इतकं स्वच्छ झालंय की त्यात प्रिंटरसुद्धा उरलेला नाही. तो चष्म्याचे नंबर हाताने लिहून देतो आणि हेच जास्त शास्त्रीय आहे असं सांगतो.)

माझी कसोटी एकच होती, बाबांच्या खणांच्या ट्रेची. घड्याळ उघडायच्या आधी ट्रे समोर घ्यायचा, काढलेला प्रत्येक भाग ओळीने एकेका खणात ठेवायचा, म्हणजे परतीची वाट उलटी चालत जाता येते. ट्रे न घेता झाकण उघडलं म्हणून बाबांनी मला एकदा आठवडाभर नुसते पट्टे बसवायला लावले होते, तू तेव्हा लहान होतास. तर मी प्रत्येक अवजाराला मनातल्या मनात विचारत गेलो, बाबा रे, तुझा ट्रे कुठाय? तो मिळाला तिसऱ्याकडे. दिसायला करडं, रूक्ष, स्वभावाने थेट आपले बाबा. आधी सगळ्या वहीची प्रत काढतो म्हणालं, ती कुठे ठेवू ते विचारलं, आणि मी पेनड्राइव्ह लावेपर्यंत पुढे सरकायला तयार होईना. शिवाय प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवतं आणि शेजारच्या चौकोनात कारण भरल्याशिवाय कशालाही हात लावू देत नाही. मी कारण लिहिलं: 'हा माणूस आता इथे काम करत नाही.'

तुझी वहिनी तेव्हा पाठीशी उभी होती. तिने विचारलं, "घड्याळ उघडल्यावर झाकणाच्या आत आधीच्या कारागिराने कोरलेली खूण असते, ती घासून काढता का तुम्ही?" मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी. (वेगळी कशी ते मला अजून सांगता आलेलं नाही. आजवर हजारो झाकणं उघडली असतील. कितीतरी झाकणांत बाबांची खूण, तिच्याखाली माझी, तिच्याखाली तुझी. दुसऱ्याची खूण पुसणाऱ्याला आपल्या धंद्यात काय म्हणतात ते तुला माहीत आहे.)

तरी मी हट्टाला पेटलो होतो. जिथे जिथे 'खटपट्या' असेल तिथे तिथे 'दादा' घाल, असं त्याला सांगितलं. ते एकेक ओळ दाखवून विचारू लागलं, बदलू का? पहिल्या पाच-सात ओळी मी भिंग लावून वाचल्या. त्यानंतर, जो मी एक स्क्रू दोनदा बघितल्याशिवाय फिरवत नाही, त्याच मी 'सगळ्यांना हो' म्हणून टाकलं. आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

पडदा कोरा. नोंदी नाहीत, पावत्या नाहीत, मुख्याध्यापिकाबाईंचा फोन नंबर नाही. नंतर विचार करून माझ्या लक्षात आलं ते असं, की तुझं नाव फक्त पाटीवर नव्हतं, ते वस्तूंच्या पत्त्यातही होतं. सगळी कागदपत्रं खटपट्याच्या घरात ठेवलेली, आणि मी वहीत लिहून आलो की ती दादाच्या घरात आहेत. दादाचं घर तिथे नव्हतंच. यंत्र बिचारं इमानाने जाऊन नसलेल्या घराचं दार वाजवत बसलं.

तर सध्या परिस्थिती ही अशी आहे. तीसेक घड्याळं फडताळात पडली आहेत आणि कुठलं कोणाचं ते सांगता येत नाही. हे काम फोनवर होण्यासारखं नाही. सवडीने एकदा येऊन बघून जा. गावात दुसरा कोणी जाणकार नाही म्हणून लिहितो, बाकी विशेष काही नाही.

तुझा,
दादा

ता. क. पत्र तुझ्या वहिनीने वाचलं. ती म्हणते, लिहायचं तर खरं लिहा, नाहीतर मी फोन करते. तर खरं असं की यंत्र गुरुवारपासून व्यवस्थित चालू आहे. पेनड्राइव्हवरची प्रत होती. त्या करड्या अवजाराने ट्रेमधला एकेक भाग उलट्या क्रमाने जागच्या जागी बसवला. यंत्र चालू केलं आणि पडद्यावर 'खटपट्या' आलं. मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलो नाही. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. फडताळातलं कुठलं घड्याळ कोणाचं तेही मला पाठ आहे.

ता. क. दुसरं. यंत्र ठीक झाल्यावर मी वहीत आणखी एकदा डोकावलो, नुसतं बघायला. त्यात एक रकाना मालकाचा आहे आणि खाली एक दुकानाचा. इतके दिवस मी तुझंच नाव शोधत होतो, त्यामुळे तिकडे नजर गेली नव्हती. मालकाच्या रकान्यात तू 'दादा' लिहिलं आहेस आणि दुकानाच्या रकान्यात 'बाबांचं'. हे तू यंत्र बसवलंस त्याच दिवसाचं आहे, म्हणजे माझ्या त्या बोलण्याच्या दोन वर्षं आधीचं. हे तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं म्हणा. माझं चुकलं. चिमट्याचा खण आज उघडला. तू चिमटा तेलाच्या फडक्याने पुसला होतास, गंज नाही.

ता. क. शेवटचं. जुनं परत बसवतानाही त्या अवजाराने कारण विचारलं. चौकोन रिकामा ठेवून पाहिला, ते हलेना. शेवटी मी लिहिलं: 'हा माणूस येणार आहे.' त्यातली नोंद मागाहून खोडता येत नाही, मी करून पाहिलं. तेव्हा ती खोटी पडणार नाही, एवढं तू बघ.