पाहुण्यांची बरणी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. चौकशीचा अहवाल वाचून तू लिहिलंस, "काका, बाबा परवानगी न घेता खड्ड्यात उतरले आणि तुम्हाला नको ते ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्या वतीने मी माफी मागते." पोरी, मी इथे झाडू मारायला लागलो तेव्हापासून पुष्कळांचं पुष्कळ ऐकून घेतलंय आणि पचवलंय. तुझ्या या दोन ओळी मात्र घशाखाली उतरत नाहीत. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

आधी इकडचं सांगतो. टाक्यांत हवा मारणाऱ्या दोन नंबरच्या ब्लोअरचं बेअरिंग कुरकुरायला लागलंय. मी आठवडाभर आधीच सांगितलं होतं, तर इंजिनिअरसाहेब म्हणाले, "तुम्हाला काय, मुंगीची शिंकसुद्धा ऐकू येते." काल उघडलं तेव्हा आतल्या गोळ्यांचा भुगा निघाला. नवा फिटर आलाय. कामाला वाघ आहे, पण पान्हा वापरून झाल्यावर पुसत नाही. तुझे बाबा पुसायचे, आणि त्याच फडक्याने तोंडही पुसायचे. वहिनी त्यावरून किती बोलायच्या! गॅस मोजायचं यंत्रही आलंय एकदाचं. पाच महिने दुरुस्तीला पडलं होतं, माणूस गेल्यावर दोन दिवसांत परत आलं. आता पंपाच्या खड्ड्याच्या काठाला पिवळ्या दोरीने टांगलंय. येणारा-जाणारा प्रत्येक साहेब त्याच्याकडे बघून मान हलवतो.

तुला आठवतं, सात वर्षांची असताना तू बाबांचा डबा घेऊन यायचीस आणि माझ्या स्टुलावर चढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचीस? तुमच्या पुस्तकात त्या जिवांना पक्ष्माभिकी म्हणतात म्हणे. मला ते म्हणताना जिभेला गाठ पडते. मी सातवी पास. इथल्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंनी शिकवलं तेवढंच मला येतं. ती चपलेसारखी पॅरामेशियम, अंगभर बारीक केसांची लव, ते सगळे केस शेतात वारा शिरल्यासारखे ओळीने हलणारे. कडेला तोंडाची खाच, तिथून जिवाणू आत ढकलले जातात आणि पोटात त्यांचे गोल गोल डबे तयार होतात. आणि तुझा तो लाडका फुगा! हळूहळू भरतो, टच्च होतो, पटकन मिटतो. आत शिरलेलं पाणी बाहेर टाकायचं एवढंच त्याचं काम. तू म्हणाली होतीस, "काका, हिच्या पोटात बाबांचा पंप आहे." तुझे बाबा चार दिवस सगळ्यांना हे सांगत सुटले होते. गरगर फिरणारे जीव बघून तू स्वतःच खोलीभर गरगर फिरायचीस, म्हणून तुझं नाव भिंगरी पडलं.

पण आमच्या कामाचे खरे ते घंटावाले. लांब देठावर उलटी घंटा, तिच्या काठावर केसांचं चक्र, आत घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं केंद्रक. देठात एक धागा असतो. काचेला टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि घंटा दचकून खाली बसते. अख्ख्या गावाचं सांडपाणी आपल्या टाक्यांत येतं. ते साफ करतात हे जीव, आम्ही नुसती हवा मारतो. घंटावाले भरपूर आणि टवटवीत असले की गाळ निरोगी. हवा संपली किंवा विष आलं की घंटेच्या बुडाशी केसांचा दुसरा पट्टा फुटतो आणि घंटा देठ तोडून पळ काढते. मग नुसते देठ उरतात. यंत्र दुरुस्तीला गेल्यापासून आम्ही खड्ड्यात उतरायचं की नाही हेही यांनाच विचारायला लागलो होतो. नियमात कुठे बसतं ते? पण शितावरून भाताची परीक्षा करायची सवय लागली आणि कधी चुकलं नाही. तुझे बाबा रोज सकाळी दारातून विचारायचे, "काय शेठ, मंडळी काय म्हणतायत?" मी "मजेत" म्हटलं की शिडी घेऊन निघायचे.

आता बरणीचं सांगायला हवं. वर्षातून दोन-तीनदा वरचे अधिकारी तपासणीला येतात. त्या दिवशी नेमका गाळ बिघडलेला असला तर पंचाईत, म्हणून मी चांगल्या दिवसाचा गाळ एका बरणीत ठेवायचो. माशांच्या टाकीची हवेची नळी त्यात सोडलेली, वर थोडं खाद्य. नाव ठेवलं होतं पाहुण्यांची बरणी. अधिकारी डोळा लावायचे, घंटा बघून खूश व्हायचे आणि चहा घेऊन जायचे. या युक्तीचा मला अभिमान होता गं. तुझ्या बाबांना मात्र सांगितलं नव्हतं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

त्या दिवशी दहाला अधिकारी येणार होते. टाकीतला नमुना काढायला वेळ नव्हता, म्हणजे वेळ होता, पण मी टेबल पुसत बसलो. बरणीतला थेंब काचेवर घेतला, बघितला, आणि आजची नोंद म्हणून वहीत तोच उतरवला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "शेठ, खालचा पंप अडकलाय. मंडळी काय म्हणतायत?" माझा डोळा भिंगाला होता. समोर पंचवीस-तीस घंटा डुलत होत्या. मी मान वर न करता म्हणालो, "मजेत आहेत. उतर."

टाकीतला थेंब मी पाहिला तो दुसऱ्या दिवशी. तुझे बाबा उतरले त्याच्या आदल्या रात्री कुठल्यातरी कारखान्याने काहीतरी सोडलं होतं, त्याचाच गॅस खड्ड्यात साचला होता. एकही घंटा नाही, देठच देठ. चपला फुगून गोल झालेल्या, त्यांचा पंप बंद, लव थिजलेली. एक माझ्यासमोर फुटली. रोजच्यासारखं सकाळी बघितलं असतं तर तुझे बाबा वरच बसून विडी ओढत मला शिव्या देत राहिले असते.

आणि मग मी चौकशीत सांगितलं, "मला न विचारता उतरला." चार शब्द. चौकशी अधिकारी म्हणाले, वहीत गाळ उत्तम आहे, म्हणजे तुमची चूक नाही. मी मान डोलावली. पूर्ण अहवाल त्या चार शब्दांवर उभा आहे, भिंगरी. ज्याने तीस वर्षांत पान्हासुद्धा न विचारता उचलला नाही, तो त्यात बेशिस्त ठरला, आणि त्याची पोर माझी माफी मागते आहे.

सोमवारी अकरा वाजता मी चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन जबानी बदलणार आहे. बरणीचं, वहीचं, "उतर"चं, सगळं लिहून सही करणार. नोकरी जाईल, त्यापुढचंही काही होईल, होऊ दे. तुझ्या बाबांची काहीच चूक नव्हती, हे तुला माझ्या हातचं मिळावं, दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. काल दुपारी वहिनींना सांगून आलो. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी बोलत होतो तोवर त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "भाऊजी, तुमचे कान एवढे तिखट. ह्यांनी हाक मारली होती का?" हे मला चौकशीत कुणी विचारलं नव्हतं. त्या सकाळी तपासणीला आलेले अधिकारी भिंगावर वाकून वाहवा करत होते, आणि मला वाटलं, हे साहेब जाऊ देत, मग बघतो. "हो वहिनी," मी म्हणालो, "एकदा."

सोमवारनंतरही तुझाच,
काका