स्थळपाहणी

१२ जानेवारी, रविवार
आज मुलीकडचा माणूस येऊन गेला. न कळवता. पण आपण गाफील नव्हतो. मध्यस्थ हनुमानने आधीच सांगून ठेवलं होतं, नेकनूरचे जीवनराव मास्तर लई चौकस माणूस हाय, पोरगी द्यायच्या आधी कुणाला तरी गुपचूप पाठवून घरदार बघून घेतील.

दारात उभा राहून म्हणाला, स्थळपाहणीसाठी आलोय. मी म्हणालो, या या, तुमचीच वाट बघत होतो. तो चमकलाच. असं स्वागत त्याचं कुठे झालेलं दिसत नाही.

पोहे, चहा, वर पुन्हा चहा. मग माहिती दिली. एस.टी.त कंट्रोलर म्हणून नोकरी झाली माझी, कुठल्या माणसाला काय सांगायचं हे मला कळतं. दोन्ही मजले स्लॅबचे आहेत म्हणालो. (वर पत्रा आहे. पण पुढून एलिव्हेशन असं उचललंय की रस्त्यावरून कुणाच्या बापाला कळत नाही.) वर दोन भाडेकरू आहेत म्हणालो. (आमचा पोरगा सौरभ झोपतो.) पुढचा गाळा किराणा दुकानाला दिलाय म्हणालो. (माझी स्कूटर असते.) वर जातो म्हणाला, तर जिना ओला आहे सांगून खालीच बसवला. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, प्लॅनिंग म्हणतात.

टेपने घर मोजलं. टॅबवर माझी सही घेतली. जीवनराव फारच पद्धतशीर.

सौ.ने विचारलं, पाव्हणा टेप कशापायी आणतो? मी म्हणालो, मुलगी नर्स आहे, लग्नातलं कपाट बसतंय का बघत असतील. ती कपबशा उचलून आत गेली. पटलं असावं.

३ फेब्रुवारी
नोटीस आली. नगरपरिषदेची. घरपट्टी एकदम तिप्पट! कारण: वरचा मजला आर.सी.सी., भाडेकरू दोन, गाळा वाणिज्य वापर.

म्हणजे तो माणूस नेकनूरचा नव्हता.

मला त्याचा त्याच दिवशी संशय आला होता. सौ.चं म्हणणं, संशय तिला आला होता. असो, मुद्दा तो नाही. मुद्दा हा की अन्याय झालेला आहे आणि मी हरकत घेणार. अर्जाची मुदत अजून आहे.

४ फेब्रुवारी
अडचण लक्षात आली. अर्जात लिहावं लागणार की वर पत्रा आहे, भाडेकरू नाहीत, दुकान नाही. आणि सौरभच्या बायोडाटात मी छापलंय, स्वतःचे दोन मजली आर.सी.सी. घर, दुकान गाळा, भाडे चालू. तो बायोडाटा नेकनूरला जाऊन पडलाय.

सौरभ बत्तिसाचा झाला. खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पोरगं सोन्यासारखं आहे. पण हल्ली मुलीवाले पोराच्या आधी घर विचारतात. घर ऐकून किती स्थळं परत गेली ते आम्हालाच माहीत. हे एवढं एक टिकलंय. दोघं फोनवर बोलतात. मुलीचं नाव पौर्णिमा. मी अजून तिला किंवा तिच्या घरच्या कुणाला पाहिलेलं नाही, सगळं हनुमानमार्फत. तिचा फोन आला की हा जिन्यात जाऊन उभा राहतो. हेही गेलं तर तो पुन्हा कुठल्या मुलीला भेटायला तयार होईल असं मला वाटत नाही.

सौरभ म्हणाला, पप्पा, दोन्हीकडं खरं सांगून टाका ना. त्याला व्यवहार कळत नाही.

निश्चय: अर्ज आणि बायोडाटा यांची आयुष्यात कधी गाठ पडता कामा नये.

११ फेब्रुवारी
अर्ज दिला. आवक-जावकच्या रांगेत माझ्या मागेच नेकनूरचा एक ओळखीचा उभा. जय भीम माणिकराव, म्हणाला, काय काम काढलं? माझ्या हातात अर्ज, अर्जावर ठळक अक्षरात 'पत्र्याचे शेड'. म्हणालो, झाडाची परवानगी काढायला आलोय. म्हणाला, कसलं झाड? म्हणालो, लिंबाचं. आमच्या दारात लिंब नाही.

अर्ज उलटा धरूनच खिडकीत सरकवला. क्लार्कने तो सरळ करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सरकारी माणसांना आवाज हळू ठेवायचं ट्रेनिंग द्यायला पाहिजे. नेकनूरवाला तेवढ्यात फोनवर लागला होता म्हणून वाचलो.

२४ फेब्रुवारी
सुनावणी. भाषण पाठ होतं. सुरुवात संविधानापासून, शेवट पत्र्यावर. बोलायला मिळालं चहा ओतून होईपर्यंत.

समितीतल्या साहेबांनी विचारलं, भाडेकरू आहेत असं कुणी सांगितलं? आणि स्वतःच टॅब फिरवून दाखवला. खाली माझी सही. म्हणालो, साहेब, ते मी वेगळ्या अर्थाने म्हणालो होतो. म्हणाले, वेगळा म्हणजे कोणता? आता भरल्या सभागृहात काय सांगू? पोराच्या लग्नासाठी थापा मारल्या म्हणून? मागे अर्धं बीड बसलेलं. म्हणालो, मनाचा मोठेपणा म्हणून.

समितीतल्या एक बाई खाली मान घालून हसल्या.

निर्णय: पुन्हा स्थळपाहणी करणार. आधी फोन करतील, मग कधीही येतील. एकूण सुनावणी माझ्या बाजूने झुकली असं म्हणायला हरकत नाही.

१ मार्च
तयारी. या वेळी चूक नाही. घर असं दिसलं पाहिजे की साहेबांनी स्वतःच्या खिशातून मदत द्यावी.

सोफा आणि फ्रिज शेजारी बंकटकडे नेऊन ठेवला. त्याची शेळी आपल्याकडे आणली. हॉलमध्ये बांधली. फुटके पत्रे भिंतीला टेकवले. भिंतीला काजळी लावायला घेतली तर सौ. आडवी आली. म्हणाली, हितं हात लावू नका. ह्या भिंतीला मी डोक्यावरनं घागरी आणून पाणी मारलंय, तवा तुमी ड्यूटीवर मांजरसुंब्याला होते. मी समजावलं, पुसली की जाते. ती आत गेली आणि भांडी जोरजोरात घासू लागली.

तिने लावू दिली नाही म्हणून त्या भिंतीला गोणपाट लटकवलं. तेही चांगलं दिसतंय, म्हणजे वाईट.

६ मार्च
फोन नाही. प्रत्येक रिंगला धावत जातो. बाहेर जाता येत नाही. शेळीने सौरभचा ड्यूटीचा शर्ट खाल्ला. दोन दिवस तो बोलतच नाही. मार्च एंडचं टेन्शन लॅबमध्येही असेल.

८ मार्च, संध्याकाळ
आला फोन! अनोळखी नंबर. म्हणाला, सोमनाथ बोलतोय, उद्या आमी स्थळ पाहायला येतोय, घरीच ऱ्हा. आवाज कडक. सरकारी आवाज मला पहिल्या शब्दात कळतो.

सौ. म्हणाली, उद्या तर रविवार हाय. म्हणालो, मार्च एंड आहे, वसुलीवाल्यांना कसला आलाय रविवार.

९ मार्च, सकाळ
तयार. बनियन जुनं घातलं, खांद्याजवळ भोक असलेलं. बल्ब एकच ठेवला. कॉन्फिडन्स पूर्ण.

९ मार्च, संध्याकाळ
आले होते ते नगरपरिषदेचे नव्हते.

आता शांतपणे लिहून काढतो. जीप थांबली. दोन पुरुष, दोन बाया, एक तरुण मुलगी. मला वाटलं समितीत महिला सदस्य असतातच, मुलगी नवीन लागलेली असेल. एकीच्या हातात केळी होती, ते जरा विचित्र वाटलं. पण विचार करायला वेळ कुठे होता. दारातच सुरू झालो. साहेब, बघा हो, माणसानं राहायचं घर आहे का हे! वर नुसता पत्रा, उन्हाळ्यात भाजतो, पावसाळ्यात गळतो. दुकान नाही, भाडं नाही, पोराचा पगार त्याच्या पेट्रोलला पुरत नाही. सौ. मागून बनियन ओढत होती. मला वाटलं, भोक झाकतेय.

त्यांना गोणीवर बसवलं. मुलगी शेळीच्या बाजूला बसली, ओढणी सावरून. हळूच विचारलं तिने, बाथरूम कुठं हाय? मी जोशात होतो. म्हणालो, ताई, आमच्याकडे बाथरूमला दार नाही, पोतं लावतो.

तेवढ्यात सौरभ जिन्यातून धावत आला. म्हणाला, पौर्णिमा, असं न्हाई गं, आहे दार.

पौर्णिमा.

सोमनाथ हे तिचे मामा. फोनवरचा कडक आवाज नगरपरिषदेचा नसून त्यांचा. जीवनराव मास्तर बाईच्या हातातली केळी कोपऱ्यात ठेवून उठले, जय भीम म्हणाले आणि गेले. जीप वळेपर्यंत सौरभ रस्त्यात उभा होता. आत आला, शेळी सोडली, बंकटकडे नेऊन बांधली, आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

परिस्थिती गंभीर आहे. पण हाताबाहेर गेलेली नाही.

११ मार्च
सौ. म्हणते, आत्ताच्या आत्ता नेकनूरला फोन करा, खरं काय ते सांगा. करणारच आहे. पण पाहणी अजून बाकी आहे. मी नेकनूरला घर चांगलंय म्हणून सांगणार आणि ते इकडे समितीच्या कानावर जाणार, मग? बीड केवढं आहे! एकदा निकाल लागू दे, मग दोन्हीकडे एकच खरं सांगता येईल.

सौ. म्हणाली, पोरगं जेवलं न्हाई कालपासून, आन् तुमी पट्टीचं घेऊन बसले. मी म्हणालो, मी हे सगळं त्याच्यासाठीच करतोय. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला त्या बघण्याचा राग आला. खरं सांगायचं तर राग नाही, भीती वाटली.

६ एप्रिल, रविवार
पाहणी अजून नाही. शेवटी नेकनूरला गेलो. मोबाईलमध्ये घराचे फोटो घेऊन. एलिव्हेशनचे, फ्रिजचे, बाथरूमच्या दाराचे वेगळे तीन.

जीवनरावांनी पाणी दिलं, चहा दिला, फोटो शांतपणे बघितले. मग म्हणाले, पाव्हणे, कागदावर बंगला होता. त्या दिवशी आलतो तर गोठा होता. आज पुन्हा बंगला आणलाय तुमी. आमी कोणतं घर धरावं?

मी म्हणालो, मधलं धरा.

ते हसले नाहीत. म्हणाले, तुमचं पोरगं चांगलं हाय. रोज फोन करतंय, एका शब्दानं खोटं बोललं न्हाई, आन् तुमच्याबद्दल वाईट बी बोललं न्हाई. पोरगी त्याला देणार आमी. पण ती तुमच्या घरात राहायची न्हाई. दवाखान्याजवळ खोली बघितलीय दोघांनी.

दोघांनी! म्हणजे त्याने मला सांगितलं नव्हतं.

येताना एस.टी.त विचार केला. लग्न ठरलं, हे मुख्य. खोलीचं काय, दोन महिन्यांत भाड्याला कंटाळून येतील परत. एकंदरीत मिशन सक्सेस. घरी आल्यावर सौ.ला तसंच सांगितलं. ती पदराने डोळे पुसत होती, आनंदाने असावं.

१८ मे
मंगल परिणय व्यवस्थित पार पडला. सून गुणी आहे. पाया पडताना हळूच म्हणाली, पप्पा, येत जा आमच्याकडं. आमच्याकडं म्हणाली.

२० मे
सौरभ टेम्पो घेऊन आला. कॉट नेली, कपाट नेलं. कपाट जिन्यात अडकलं तेव्हा मी म्हणालो, राहू दे की मग इथेच. त्याने तिरकं करून काढलं.

९ जून
आज खरे आले. नगरपरिषदेचे. ओळखपत्र आधी बघून घेतलं, दोन्ही बाजूंनी.

या वेळी काहीही लपवलं नाही. सोफा जागेवर, शेळी नाही. जिना कोरडा. वर घेऊन गेलो. पत्रा दाखवला. साहेबांनी वर बघून मान हलवली, पत्रा लिहिलं. गाळ्यात स्कूटर बघितली, दुकान नाही लिहिलं. भाडेकरू नाहीत लिहिलं. मी म्हणेन ते सगळं लिहीत होते. इतके दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला ते चहा निवण्याआधी झालं.

मग म्हणाले, ही वरची खोली कोणाच्या वापरात आहे? म्हणालो, मुलाच्या. त्यांनी खोलीकडे बघितलं. फरशीवर कॉटच्या पायांचे डाग, खिळ्याला एक हँगर. म्हणाले, काका, इथं तर कुणीच राहत नाही. रिकामी लिहितो, तुमच्याच फायद्याचं आहे, अजून सूट बसेल.

म्हणालो, नाही, राहतो तो. राहतो असं लिहा.

म्हणाले, पट्टी वाढेल.

म्हणालो, वाढू द्या.

म्हणाले, काका, हरकत तुमचीच होती ना? मी म्हणालो, हो, पण ही खोली सौरभची आहे, तो तात्पुरता बाहेर आहे. त्यांनी विचारलं, कपडे, अंथरूण, काही आहे का त्याचं? मी हँगर दाखवला. बिचाऱ्यांनी हँगरला हात लावून बघितला. मग म्हणाले, आम्हाला दिसतं तेच लिहावं लागतं. आणि लिहिलं, रिकामी.

म्हणजे केस पूर्ण जिंकलो. मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं. सौ.ला खाली येऊन सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. आणि दोन ताटं घेतली.

मी या नोंदीविरुद्ध हरकत घेणार आहे. मुद्दा पहिला: सदर खोलीत अर्जदाराचा मुलगा राहतो. पुरावा मागतील म्हणून सौरभला फोन केला, रविवारी मुक्कामाला येता का दोघं. म्हणाला, पप्पा, तिची नाइट ड्यूटी आहे, बघतो.