जाऊ द्यायचं की अडवायचं?

३ मार्च, सोमवार

"घरच्या मशीनवर फायरवॉल कुठली आहे?" शाळेच्या कॉम्प्युटरवाल्याने मोठ्या बाईंच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारलं. म्हटलं, मशीनबरोबर आली तीच. त्याने च्यक् केलं. जणू मी घराचं दार सताड उघडं टाकून गावाला गेले होते!

दहावीच्या सराव परीक्षेचा विज्ञानाचा पेपर, अकरा शाळांचा मिळून एक, यंदा मी काढला. पाच प्रश्न आदल्या दिवशीच मुलांकडे होते. हाताने लिहून काढलेले, चौदा ते अठरा. परीक्षा रद्द. आणि त्या कागदावर सोळाव्या प्रश्नात भिंगाचं अंतर चोवीस सेंटिमीटर! छापून आलेल्या पेपरात तीस आहे. चोवीस ही माझी चूक. ती मी घरीच सुधारली, मगच पेपर छापखान्यात गेला. म्हणजे फुटला तो माझ्या घरातून.

बावीस वर्षं नोकरी झाली. कुणाची एक ओळ वाकडी ऐकून घेतली नाही. आता तेरा तारखेला चौकशी. "तोवर वेगळी फायरवॉल टाका, मशीनमधून काय काय बाहेर जातं त्याची नोंद आणा," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, ते जास्त लागलं. चहाला गेले तर टेबलावर एकदम हवापाण्याच्या गप्पा सुरू.

४ मार्च, मंगळवार

टाकली. नवरा म्हणतो, "बैल गेला अन् झोपा केला." म्हटलं, तू गप बस.

आधी जुनी बंद करावी लागते, नाहीतर दोघी एकमेकींना काम करू देत नाहीत. एका ओट्याशी दोन जावा! मग खिडक्या उघडायला लागल्या. अमका प्रोग्राम बाहेर जाऊ पाहतोय — जाऊ द्यायचं की अडवायचं? खाली एक चौकोन, 'उत्तर कायमचं लक्षात ठेव'. अर्ध्या तासात एकोणीस खिडक्या. घड्याळ बाहेर जातंय. कॅल्क्युलेटर बाहेर जातोय! बेरजेला बाहेर कशाला जायला लागतं मेल्याला?

जुनी बाहेरून येणाऱ्यांना आत सोडताना बघायची. आतून जाणाऱ्याला कधी हटकलं नाही तिने. दोन वर्षं मी त्या मशीनवर पेपर काढतेय.

५ मार्च

सगळ्यांना अडवलं. सरसकट. चौकोनात खूण करून.

६ मार्च, गुरुवार

आगीतून फुफाट्यात. इंटरनेट बंद. नावावरून काही अर्थबोध न होणारा एक प्रोग्राम असतो, त्याच्या खांद्यावरून बाकीचे बाहेर जातात. त्यालाच कायमचं अडवून बसले होते. नियमांच्या यादीत जाऊन एकेक सोडवला. दुपार गेली.

प्रिंटरही अडवला गेला होता. तो सोडवला तर कागद अडकला. हा तसाही हट्टी आहे, पेपर काढला त्या दिवशीही तीनदा अडकला होता आणि मी सगळा पुन्हा छापला होता. चुकीच्या प्रतीचे मात्र बारीक बारीक तुकडे करून स्वतः टाकले होते. एवढी काळजी घेऊन ही गत!

नेहमी असं काही अडलं की भावजींना फोन करते. माझा धाकटा दीर, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. पण ह्या वेळी माझं मीच करायचं ठरवलंय. कुणाचा हात लागायला नको.

आप्पा मधेच विचारून गेले, "पोरी, पाठकोरे कागद आहेत का गं?" माझे सासरे, चाळीस वर्षं बाइंडिंग केलं. डोळे अधू झालेत, छापील अक्षर आता दिसत नाही. पण कागदाची कुठली बाजू कोरी ते बोटाला कळतं. प्रिंटरखालच्या ट्रेमध्ये मी वाया गेलेले कागद टाकते, त्याच्या ते वह्या शिवतात. ही रोजनिशी त्यांच्याच वहीत चाललीय. ह्या पानाच्या मागे गेल्या वर्षीच्या पालकसभेची सूचना आहे. आज ट्रे रिकामा होता. "बरं," म्हणाले, आणि नुसता दोरा गुंडाळत बसले.

८ मार्च, शनिवार

आता ताळ्यावर आलंय. फायरवॉल आधी 'शिकाऊ'वर ठेवायची, कोण नेहमीचा ते तिला ओळखू द्यायचं, मग कडक करायची. हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. मुलांना मी काय सांगते? आधी सूचना वाचा!

एक चुटपुट आहे. नोंद ४ तारखेपासूनची. पेपर फुटला फेब्रुवारीत. तेव्हा कोण गेलं ते हिला कसं कळणार? पण ज्याला सवय लागलीय तो पुन्हा जाईलच.

९ मार्च, रविवार

सापडला.

एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी बाहेर हाक मारतो. दिवसभर. नाव उघडून वाचलं — दुसऱ्या जागेवरून आपल्या मशीनचा पडदा बघण्याचा. आणि दुसरी जागा म्हणजे भावजींचं दुकान.

ते हाताने लिहिलेले पाच प्रश्न! कोणी फाइल चोरलीच नव्हती, पडदा बघून उतरवलं. चौदा ते अठरा — एका पडद्यावर मावतील तेवढेच! आणि दुकानाला लागून शिकवणीचा क्लास आहे. तिथली मशीनं भावजीच बघतात.

नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, "तो असं करणार नाही." म्हटलं, तुझा भाऊ म्हणून? "नाही. तो तो म्हणून."

१० मार्च, सोमवार

संध्याकाळी बोलावलं. आले, नेहमीसारखे चप्पल काढता काढताच, "वहिनी, चहा टाका आधी." मी नोंद समोर ठेवली.

"अहो, तो मीच टाकलाय. तुमच्यासमोर. तुमचं काही अडलं की दुकानातून बघता यावं म्हणून. तुम्ही म्हणालात, बरं झालं, सुटले."

म्हणाले असेन. आठवत नाही. म्हटलं, मग दर पाच मिनिटांनी काय बघता?

"मी नाही बघत हो. तो आपला दुकानाला हाक मारतो, मी आहे म्हणून. तिकडे कोणी बसलेलं असतं असं नाही."

"आणि शेजारचा क्लास? तोही नसतोच?"

बोलून गेले. शब्द तोंडातून सुटला तेव्हाच कळलं, हा परत येणार नाही. भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मला पहिल्यांदाच बघतायत. आतल्या खोलीत आप्पांची कात्री चालत होती, तीही थांबली.

"वहिनी, आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. माझ्या डब्याचं तुम्ही बघितलंत. चौकशीत नाव द्यायचंय ना? द्या. माझं दुकान जाईल, तुमची नोकरी राहील. द्या."

चहा तसाच ठेवून गेले. दारात वाकून चप्पल घालताना एकदा थांबले. वाटलं काही बोलतील. पण पट्टा बसत नव्हता एवढंच.

मी त्यांचा प्रोग्राम अडवला. कायमचा. चौकोनात खूण केली.

११ मार्च

आप्पा जेवले नाहीत. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. शहाणी मीच, आणि वाईटही मीच!

१२ मार्च, बुधवार

निवेदन लिहून झालं. दीड पान. "सदर प्रोग्राम माझ्या दिराने बसवला असून" — हे वाक्य चार वेळा खोडलं, चार वेळा लिहिलं. खोटं एक अक्षर नाही त्यात. मग पाचव्यांदा खोडावंसं का वाटतं?

नोंदीही काढल्या, नऊ दिवसांच्या. यादी खरंच स्वच्छ आहे. एक भावजींचा सोडला तर कुणीही नको तिथे गेलेलं नाही. नवरा वाचून म्हणाला, "ह्यात एकही चोर दिसत नाही गं." म्हटलं, एक दिसतोय ना. तो उठून गॅलरीत गेला.

खालच्या मजल्यावर घरीच शिकवणी घेणारे सर जिन्यात भेटले. पोरांची परीक्षा पुन्हा आहे म्हणून वैतागलेले. मग जाता जाता, "आप्पांना आमचा नमस्कार सांगा हं, फार उपयोग होतो त्यांचा." मी मान हलवली. डोक्यात निवेदन होतं, नीट ऐकलंही नाही.

मला माझं नाव परत हवंय. बस्स, एवढंच. वर्गात शिरल्यावर पोरांनी खाली मान घालू नये, चहाच्या टेबलावर माझ्यादेखत माझंच बोलावं. त्यासाठी भावजींचं नाव द्यावं लागत असेल तर मी काय करू? उद्या अकराला चौकशी. आता भाजी चिरायला घेते.

१३ मार्च, गुरुवार, सकाळी साडेसात

कालचं पान उलटलं. मागे छापलंय — पृष्ठ दोन, प्रश्न आठ ते तेरा. कडेला चुणी. प्रिंटरमध्ये अडकली ती प्रत. तुकडे केले ते दुसरीचे. ही मीच ओढून काढून ट्रेमध्ये टाकली होती, पाठ कोरी होती म्हणून!

आप्पांना विचारलं, ह्याचं पुढचं पान कुठंय, चौदापासूनचं? "त्या गठ्ठ्याच्या तीन वह्या झाल्या, पोरी. एक तुला. दोन खाली सरांकडे, पोरांना कच्च्या गणितांना. का गं? शिवण सुटली का?"

नाही, आप्पा. शिवण पक्की आहे.

हे पान फाडून न्यायला गेले, निघेना. आता अख्खी वहीच नेते. दहा तारखेचं पानही आहे तिच्यात. वाचू देत सगळ्यांना.

भावजी फोन उचलत नाहीत.