रिकाम्या खुर्चीला विचारायचा प्रश्न

वसमत, ८ ऑगस्ट २००२

प्रिय चंदामावशी,

अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत, म्हणजे तुला सावकाश स्वतःच वाचता येईल. काल गावाकडचा बजरंग कॉलेजात आला होता. त्याच्याकडे पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस होती आणि खाली तुझी सही. दिवाळीच्या सुट्टीत पाटीवर गिरवलेला तो कलंडलेला 'चं' मी लगेच ओळखला. चार वर्षं सरपंच तू आणि कारभार काकांचा. या नोटिशीत पहिल्यांदा गावाला तुझं अक्षर दिसलं. मला वाचनालयातच रडू आलं.

एप्रिलमधल्या जयंतीसाठी मी ते नाटक लिहिलं तेव्हा केवढी घाबरले होते! खुर्चीत नवरा आणि सरपंचबाईच्या हातात चहाचा ट्रे. तू नको म्हणाली असतीस तर वही चुलीत घातली असती. म्हणून आधी तुलाच वाचून दाखवलं. शेवटचं पान तेवढं अजून लिहायचंय म्हणाले. तू पदरात तोंड खुपसून हसलीस. "नुस्ता चहा कुठं देती बाई? कपबश्या बी धुती. ते घाल की!" वर म्हणालीस, "खुर्ची पंचायतीचीच न्या."

शेवटच्या प्रवेशात मंचावर ती रिकामी खुर्ची आणि गावकरीण झालेली मी. तेवढ्यात पाहुणे म्हणून पुढे बसलेले काका उठले. "बंद करा! घरचीच पोरगी घराची अब्रू काढून राहिली!" पेटी थांबली. तू बायकांतून उठून मंचावर आलीस आणि खुर्चीत बसलीस. "चालू द्या. माझी खुर्ची हाय, मी बसून बघते." पहिली टाळी बायकांची पडली. मी मात्र शेवटचं वाक्य न म्हणताच मंचावरून उतरले. वाक्य विसरले, असं सगळ्यांना सांगून मी सकाळच्या एसटीने पळाले. माझ्यामुळे तुझं घर मोडलं तर, या धास्तीत चार महिने काढले. बजरंग हसत म्हणाला, "काका आता बैठकीला चहा वाटून राहिले. कपबश्या मात्र न्हाई धूत."

मावशी, मी वाक्य विसरले नव्हते. शेवटचं पानही तुला वाचून दाखवलं तेव्हाच लिहून तयार होतं. त्यावर एकच प्रश्न होता: 'नळ सरपंचाच्या दारात येऊन थांबला, तो वस्तीच्या टोकाला कधी जाणार?' रिकाम्या खुर्चीला विचारायला सोपा होता. खुर्चीत तू बसलीस आणि मी तो विचारलाच नाही. जिने मला कॉलेजात धाडायला आईशी भांडण केलं, तिलाच कसं विचारू? पंधरा तारखेला मी येतेय. सभेत उभी राहून तेच विचारीन. या वेळी परवानगी मागत नाही, फक्त आधी कळवते. उत्तर देताना खुर्चीतून उठू नकोस.

तुझीच भाची आणि गावची मतदार,
करुणा