अडतीस सेकंदांचा चढ

तीर्थरूप मामा,

आपल्याला साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा आठांपैकी एक अंग कमी धरावे. कारण पुढे येईलच.) आपला खोकला कसा आहे? मामींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? निघाल्यावर पहिल्यांदा आपल्याकडे पाहून त्या काय म्हणाल्या ते आपण लिहिले नाही, त्यावरून मी समजायचे ते समजलो. इकडे आम्ही दोघे धडधाकट आहोत, फक्त एकत्र नाही. म्हणजे घरात एकत्र आहोत, रस्त्यावर नाही. ती हकीकत सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

कारखान्यातून निवृत्त होताना आपण आपली टू-स्ट्रोक मोटारसायकल मला दिलीत आणि ही कधी दगा देणार नाही असे म्हणालात. दगा तिने दिला नाही, कारण दगा द्यायलासुद्धा थोडी ताकद लागते. सपाटीवर ती आम्हा दोघांना बरी नेते. पण आपल्या भाचेसुनेचा दवाखाना (ती तिथल्या प्रयोगशाळेत रक्त तपासते) आणि त्याच्या भिंतीला लागून असलेले माझे नकाशा कार्यालय, दोन्ही चढाच्या टोकाला आहेत. शिंप्याच्या दुकानाचे वळण आले की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागते आणि पहिल्यात टाकली की एक हुंदका देऊन बंद पडते. मग दोघांनी उतरायचे, मी हँडल धरून ढकलायचे, हिने दोन्ही डबे घेऊन बाजूने चालायचे आणि शिंप्याने कात्री थांबवून आमच्याकडे पाहायचे. हे पाच वर्षे चालले. गेल्या महिन्यात आमचे हेडक्लार्क स्कूटरवरून, मागे त्यांच्या सौभाग्यवती (ती दोघे मिळून आमच्या दीडपट भरतील), आमच्या शेजारून चढ चढून गेले. नुसते पाहिले असते तर मी सोडून दिले असते, पण त्यांनी हॉर्न वाजवला. हिच्यादेखत मामा. त्याच क्षणी मी ठरवले की हिला या चढावरून बसल्या जागी वर नेईन, मग इंजिनाचे काय व्हायचे ते होवो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री आहेत, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावले, डोळे मिटले आणि ताकद आहे पण बाहेर पडत नाही, असे निदान केले. (आमच्या कार्यालयातल्या निम्म्या लोकांचे स्वतःबद्दल हेच मत आहे.) तेवढ्यात आपले पत्र आले की टू-स्ट्रोकला श्वास मोकळा लागतो, सायलेन्सरच्या पोटातली भोकांची नळी काढून टाक. आपल्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. नळी काढली. पूर्वी एकट्याने चढाच्या पायथ्याच्या पुलापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायला मला एक मिनिट पन्नास सेकंद लागत, नळी काढल्यावर दोन मिनिटे दहा लागू लागली. पण आवाज असा, की शिंप्यापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे म्हणू लागले, गाडी आता काय पळते. आमच्याकडेही जो जिना दणादणा चढतो तोच काम करतो असे धरतात, म्हणून मला नवल वाटले नाही. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र, रोज दहाला दहा कमी असताना येतो तो राक्षस कोण, याची चौकशी हिच्याकडेच सोपवली. हिने चौकशी करून तो आपल्या ओळखीचा नसल्याचे कळवले.

नळी पुन्हा बसवली. मग आपले दुसरे पत्र आले, की इंजिनाचा हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, अर्धा मिलिमीटर घासून घे, आतला दाब वाढेल. लेथवाल्याने दीड घासला. अर्ध्यासाठी मशीन कोण चालू करतो, हे त्याचे उत्तर. दाब वाढला यात शंका नाही, कारण पहिल्याच किकेला किकने उलटी लाथ मारली आणि मी वस्तादांच्या दुकानातून थेट समोरच्या बाकड्यावर बसलो. गुडघा तेव्हाचा आहे. वस्तादांनी मग हेडखाली तीन पॅकिंग घालून दाब होता तिथे आणून ठेवला. म्हणजे आपल्या दोन पत्रांनंतर गाडी जिथल्या तिथे होती आणि मी थोडा मागे गेलो होतो.

शेवटी मी स्वतः लक्ष घातले. आपल्याला हे सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, पण या इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच वरखाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. धूर बाहेर जायच्या खिडकीची वरची कड कानशीने जराशी वर नेली की वेगात ताकद वाढते. आता मी एकोणीस वर्षे ड्राफ्ट्समन आहे, नुसत्या बोटाने दाखवून काम सांगणे माझ्या हाताला जमत नाही. मी सिलिंडरमध्ये कागद गुंडाळून घातला, पेन्सिलीने खिडक्यांचे ठसे घेतले आणि कार्यालयाच्या वेळात त्यांचा दुप्पट प्रमाणात सुबक नकाशा काढला. शीर्षक दिले, चौकट घातली आणि सवयीने उत्तर दिशेचा बाणही काढला. वस्तादांनी तो बाण बराच वेळ पाहिला आणि सिलिंडरमध्ये उत्तर कुठे येते ते आधी दाखवा म्हणाले. त्या वादात अर्धी दुपार गेली, आणि खरा मुद्दा राहून गेला. कड एक मिलिमीटर वर न्यायची होती, म्हणजे कागदावर दोन. वस्तादांनी कंपासने कागदावरचे दोन उचलले आणि तेवढे घासले. कोपऱ्यात प्रमाण लिहिले आहे असे मी दाखवले तेव्हा, कोपऱ्यातली बारीक अक्षरे वाचायला मी काय वकील आहे का, असे त्यांनी मलाच विचारले.

त्याचा परिणाम असा, की आता आपल्या इंजिनाला बराच वेळ मुळीच ताकद नसते आणि मग एकदम सगळी येते, जशी आमच्या कार्यालयात पाच वाजायला पाच मिनिटे असताना येते. पुलाच्या अलीकडून वेग घ्यायचा, दुसरा गिअर सोडायचा नाही, ॲक्सिलरेटर पिळलेला ठेवायचा आणि कोणी आडवे येऊ नये अशी प्रार्थना करायची. त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी मी हिला मागे बसवले, दोन्ही डबे तिच्या मांडीवर दिले आणि निघालो. शिंप्याच्या वळणावर ताकद आली. पुढचे चाक वीतभर उचलले गेले, मी टाकीवर पालथा पडून हँडल धरले आणि फाटकाशी पोचून घड्याळ पाहिले. अडतीस सेकंद. माझे डोळे भरून आले, खोटे कशाला सांगू. मी मान न वळवताच, बघितलंस का, असे विचारले. त्यावर हो साहेब, असे दवाखान्याच्या रखवालदाराने उत्तर दिले, कारण मागे दुसरे कोणी नव्हते.

ही शिंप्याच्या दुकानासमोर रस्त्यावर बसलेली होती. डबे मांडीवरच होते, झाकणसुद्धा उघडले नव्हते. तिला कुठे लागले नाही हे मी तिला चार-पाच वेळा विचारून नक्की केले. पण त्या दिवसापासून ती चढाच्या पायथ्याशी उतरते, वर पायी येते आणि मी अडतीस सेकंदांत वर पोचून तिची वाट पाहत उभा राहतो. आज बावीस दिवस झाले. सीट निर्धोक आहे हे सिद्ध करण्यासाठी मी तिच्या वजनाइतके वाळूचे पोते बांधून चार फेऱ्या केल्या. तिने वजन सांगितले नाही म्हणून अंदाजाने भरले. ते पोते तिने पाहिले, आणि त्यानंतर घरातही बोलणे कमी झाले.

मामा, हेडक्लार्कला मी रोज मागे टाकतो, हॉर्नही वाजवतो, पण मागची सीट रिकामी असते आणि त्यात काही मजा नाही. ही पुन्हा बसली तरच केले ते कामाला आले, एरवी वाया. मामींना नमस्कार. डोळ्याला जपायला सांगावे.

आपला आज्ञाधारक (हे आपण जाणताच)
भाचा

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण असे की ही घरात फक्त आपले ऐकते. तरी तिला स्वतंत्र चार ओळी लिहून कळवावे, की मागे धरायला मी चामड्याचा पट्टा बसवला आहे, त्याला दोन बकले आहेत आणि मोटारसायकलवर पट्टा असणे हे जगात सगळीकडे चालते.

ता. क. दुसरा. रखवालदाराचा भाग तिला ठाऊक नाही. तो आपण वाचला आणि विसरलात असे व्हावे.

ता. क. तिसरा. मामा, नमस्कार. अक्षर बदललेले दिसेल, मी आपली भाचेसून. यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिले आणि पाकीट चिकटवायला हे विसरले. रखवालदाराने मला त्याच दिवशी सगळे सांगितले होते. पडल्याचा मला राग नाही, पोत्याचा थोडा आहे. पण खरी गोष्ट निराळी आहे, ती आपल्यालाच सांगते. पाच वर्षे आम्ही तो चढ सात मिनिटांत चढायचो. हे गाडी ढकलायचे, धाप लागलेली असायची, त्यामुळे यांना मध्ये बोलता येत नसे. प्रयोगशाळेत काय झाले, आईचे काय चालले आहे, मला कशाची काळजी वाटते, सगळे मी त्या चढावर सांगितले आहे, आणि यांनी सगळे ऐकले आहे. घरी आल्यावर हे बोलतात आणि मी ऐकते. आता हे अडतीस सेकंदांत वर जातात आणि मी एकटी चालते, मग सांगू कोणाला? पट्ट्याने बांधून घेतले तर वर पोचेन, पण त्या आवाजात माझे मलाच ऐकू यायचे नाही. गाडीची ताकद पूर्वीइतकी कमी करायचा काही उपाय असेल तर यांना लिहून पाठवा. तसा सुचत नसेल, तर ताकद वाढवण्याचाच एखादा नवा सल्ला पाठवलात तरी चालेल. आधीच्या दोन पत्रांचा अनुभव पाहता, माझे काम तेवढ्यानेही होईल.