लिनच्या घरची क्वानयिन

४ नोव्हें., मंगळ.
रेवा अजून शुद्धीवर नाही. पोरीच्या मेंदूला सूज. औषधाने झोपवून ठेवलंय. समीर नि मी आळीपाळीने हॉस्पिटलात. उइटहॉर्नला घरी आले की आधी तिच्या खोलीचं दार लावून घेते.

५ नोव्हें.
शेजारची लिन आली. टॉवेलात गुंडाळलेली क्वानयिन, त्यांची करुणेची देवी, घेऊन. तिच्या आईची, लाकडी, रंगवलेली. एका हातात विलोची फांदी, दुसऱ्यात पाण्याची कुपी. फांदीने पाणी शिंपडलं की दुखणं जातं म्हणे. "ती हाक ऐकते. रेवा घरी येईपर्यंत राहू दे तुझ्याकडे."
समीर म्हणाला, "अगं, हा तर आपला अजिंठ्याचा बोधिसत्त्व! चीनला जाऊन बाई झाला." लिन म्हणाली, "ज्याला जे हवं, ते रूप घेते."
मला आई हवी होती. देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवली.

७ नोव्हें.
रेवाला फिट आली. डॉ. म्हणाल्या, पाहू. पाहू काय! या डच लोकांच्या शांतपणाचा संताप येतो. हाक मारून मारून घसा बसला, ऐकतंय कोण...

८ नोव्हें., शनि.
काय करून बसले मी! सकाळी क्वानयिनला पंचामृताचा अभिषेक घातला, वर कोमट पाणी. देव म्हटला की आधी आंघोळ. हात आपोआप चालला. पितळी बाळकृष्णाला काही होत नाही. हिचा रंग ताम्हनात उतरला. मुकुटातला छोटा बुद्ध, मग डोळे, ओठ. पुसत गेले तसं आणखी गेलं. आता नुसतं लाकूड.
बाई गं, रागवायचं तर माझ्यावर. पोरीवर नको.

९ नोव्हें.
लिनला सांगितलं. "आईने कधी ओलं फडकंही लावलं नव्हतं," एवढंच बोलली. मग तिथेच बसून रडली. मूर्ती मात्र नेईना. "रेवा येईपर्यंत म्हटलंय ना." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ नोव्हें.
काल झोपेचं औषध थांबवलं, आज श्वासाची नळी काढली. दुपारी रेवाने डोळे उघडले! समीर ढसाढसा रडला. मी हात धरला, "रेवू, बाळा..." माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नर्सला डचमध्ये विचारलं, "या बाई कोण?"
डॉ. म्हणाल्या, होतं असं. आठवेल. कदाचित हळूहळू. नक्की सांगता येत नाही.
मी म्हटलं, मी आई.
तिने मान हलवली. नव्या माणसाची ओळख करून दिल्यावर हलवतात तशी.